मेलेल्यांशी सलोखा

आमच्या हवालदाराबद्दल कुणी वाईट बोललं तर मी भांडायला उठते. पण त्याची टिंगल करायचा हक्क माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही. माणूस सरळ. इतका सरळ की पोलिसात घेतलाच कसा, हे मला अजून कळलेलं नाही. पोट वर्दीच्या चार पावलं पुढे, गुडघे दुखरे, आणि बोलायला लागला की वाटावं, याचंच काहीतरी चुकलंय आणि हा माफी मागायला आलाय.

मी शिवणकाम करते. टेकडीवर आमची वस्ती, साठेक घरं, आणि खालचा रस्ता वस्तीत शिरतो तिथेच माझी खोली. मशीन खिडकीशी. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कोण रिकाम्या हातानं आलं, हे सगळ्यांत आधी मला कळतं. खालचं शहर आमच्या डोळ्यांदेखत वाढलं. आजी सांगायची, आता बस थांबते ना, तिथे आपली गुरं पाणी प्यायची. कागदावर आम्हांला आदिवासी म्हणतात, मूळचे रहिवासी म्हणतात, भाषणात तर फारच गोड गोड म्हणतात. पण शहरात साधी सायकल चोरीला गेली तरी पोलीस आधी टेकडी चढायचे. मूळच्या रहिवाशांचा मान राखायची ही त्यांची पद्धत.

मग म्हणे वरून हुकूम आला. पोलिसांनी वस्तीशी सलोखा करायचा, तरुण पोरापोरींशी मैत्री करायची, दर आठवड्याला भेट द्यायची आणि कोण भेटलं ते वहीत लिहायचं. चौकीत हे काम कुणालाच नको होतं. चढ उभा, वर गेलं तर कुणी तोंड उघडत नाही. मग ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात ते बांधलं.

पहिल्या दिवशी आला तो धापा टाकत, टोपी काखेत, वही छातीशी. माझ्या दारात उभा राहिला आणि अगदी नरम आवाजात म्हणाला, "ताई, घाबरू नका. दोन मिनिटं बोलायचंय फक्त."

आता जगात इतकी वाक्यं आहेत. पण या भल्या माणसानं नेमकं तेच निवडलं. एकोणीस वर्षांपूर्वी शेजारच्याच दारात उभं राहून एका पोलिसानं माझ्या थोरल्या भावाला हेच सांगितलं होतं, दोन मिनिटं बोलायचंय. दादानं चहा अर्धा ठेवला, सदरा चढवला आणि गेला. खालच्या लाकडाच्या वखारीत चोरी झाली होती. दादा सुतार, म्हणजे लाकूड त्यानंच उचललं असणार, एवढाच पुरावा. तो परत आला चौदा महिन्यांनी. गेला तेव्हा त्याची लेक चार महिन्यांची होती. आला तेव्हा ती चालत होती आणि त्याला बघून रडत माझ्यामागे लपली. सोडताना कुणी काही सांगितलं नाही, जा म्हणाले. त्या दिवसापासून दादा पोलिसाशी एक अक्षर बोललेला नव्हता. वर्दी दिसली की मागच्या खोलीत जायचं आणि रंधा मारायला लागायचं, मग हातात काम असो नसो.

तर हवालदारानं ते वाक्य उच्चारलं आणि पाव तासात वस्ती रिकामी. पुरुष टेकडीमागे, बायका कड्या लावून आत, आणि दादाच्या खोलीतून रंध्याची खरखर. हा बिचारा तासभर ओट्यावर बसला आणि उतरून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदाही तेच. पालथ्या घड्यावर पाणी. पोरांनी त्याचं नावच दोन मिनिटं ठेवलं.

चौथ्या वेळी मात्र त्यानं मला विचारलं, ताई, माझं काय चुकतंय? मी सुई हातात धरून बघतच राहिले. पोलिसानं आम्हांला हे विचारावं, असं माझ्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं. मग मी सांगितलं त्याला सगळं, चहाच्या अर्ध्या कपासकट. त्यानं वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, आम्हांला शिकवताना सांगतात की सौम्य बोला, म्हणून मी बोलत होतो. मी म्हटलं, हवालदार, तुम्ही बोलूच नका काही दिवस.

आणि खरंच नाही बोलला. माणसाला सांगितलेलं ऐकायची फार वाईट खोड आहे. बसायला कुणी देत नाही म्हणून त्यानं घडीचं स्टूल विकत घेतलं, ते काखोटीला मारून यायचा, कडुलिंबाखाली उघडायचा आणि बसायचा. एकदा वही ओट्यावर विसरला तेव्हा मी उघडून पाहिली, कुणी काही म्हणो. दर आठवड्याला सुरेख अक्षरात एकच ओळ होती, आज बसलो. एके ठिकाणी लिहिलं होतं, आज बसलो, कुत्रं जवळ आलं. मी पोट धरधरून हसले आणि मग मलाच वाईट वाटलं.

वस्तीचं मन वळलं ते बसमुळे. खालच्या थांब्यावर आमची पोरंपोरी उभी असली की बसवाला वेग कमी करायचा, चेहरे बघायचा आणि पुढे निघून जायचा. पोरं चालत शाळेत जायची आणि उशिरा आली म्हणून शिक्षा खायची. हे कानावर गेलं तेव्हा हवालदार कुणाला काही बोलला नाही. सकाळी सात वाजता वर्दी घालून पोरांच्या रांगेत उभा राहायला लागला, हात पुढे करून. बस थांबली. आठवडाभर तो त्यांच्याबरोबर चढायचा आणि पुढच्या थांब्यावर उतरून दुखरे गुडघे घेऊन चालत परत यायचा. त्यानंतर बस त्याच्याशिवाय थांबायला लागली. पुढच्या भेटीत मी माझ्या खोलीतली खुर्ची बाहेर काढून दिली. बसला आणि खुर्ची करकरली, पण टिकली.

मग नव्याचे नऊ दिवस नाही, चांगलं वर्षभर चाललं. त्यानं व्हॉलीबॉलचं जाळं आणलं, विजेचा खांब आणि माझ्या कपडे वाळत घालायच्या तारेचा खांब यांच्यामध्ये बांधलं. माझे कपडे कुठे वाळणार, हे त्याला सुचलं नाही. स्वतःला खेळता येत नाही, म्हणून पंच झाला. नियमही येत नव्हते, ते पोरींनी शिकवले. माझी भाची, म्हणजे दादाची लेक, त्यात पुढे. ती त्याच्या तोंडावर सांगायची, काका, शिट्टी चुकीची वाजवलीत, परत वाजवा. तो परत वाजवायचा.

आणि इथेच आमचा घोळ झाला. हवालदार माणसांची नावं विचारायला लागला, वहीत रकाना होता ना. लोकांनी नावं दिलीही. हसून, खुर्ची देऊन, पाणी देऊन दिली. फक्त ती सगळी मेलेल्यांची होती.

आता यात लबाडी नव्हती, हे कुणाला पटवून सांगू? आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं, की पोलिसाला जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही. मेलेल्याचं द्यावं, त्याला कोण धरून नेणार. लहानपणी पाढ्यांच्या आधी आम्ही हे पाठ करतो. समोरचा पोलीस चांगला आहे हे मनाला कळलं तरी जिभेला कळत नाही, ती आपली सवयीनं वळते. मी माझ्या आजीचं नाव दिलं. भाचीनं तिच्या आजीचं दिलं, म्हणजे माझ्या आईचं. शेजारच्या म्हाताऱ्यानं तर आपल्या पणजोबांचं दिलं. हवालदारानं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खेळणाऱ्या पोरापोरींचे फोटोही शेजारी चिकटवले.

वर्षाअखेरीला वहीत बेचाळीस नावं झाली. साहेब खूश. एवढा सलोखा कुठल्याच चौकीनं केला नव्हता. हवालदाराच्या बढतीचा कागद वर गेला आणि त्याच्या बायकोनं लगेच वर्दीवर लावायची नवी पट्टी माझ्याकडे शिवायला पाठवून दिली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी त्याला चिडवायचे, साहेब झालात की आमच्या टेकडीवर स्टूल उचलायला माणूस ठेवा. तो लाजायचा. खरं सांगते, ती पट्टी शिवताना माझा टाका वाकडा जायचा. बेचाळीसातला एकही माणूस श्वास घेत नव्हता आणि हे त्याला सोडून आम्हां सगळ्यांना माहीत होतं. सांगायला मात्र कुणाची जीभ रेटेना, माझीसुद्धा.

फुटलं ते भाचीमुळे. पोरगी हुशार. दर दोन-चार वर्षांनी खालून तीन पायांचं तिकाटणं घेऊन मोजणीची माणसं येतात, त्यावरच्या दुर्बिणीतून बघतात, आमच्या जमिनीत खुंट्या ठोकतात आणि जातात. त्या खुंट्यांचा अर्थ आम्हांला वर्षानं कळतो, तोवर कुंपण पडलेलं असतं. लहानपणीच ती म्हणाली होती, आत्या, त्या दुर्बिणीतून मी बघणार. जमीन मोजणी शिकवणाऱ्या सरकारी शाळेत तिचा नंबर लागला. आमच्या वस्तीतून पहिलीच. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता, तोही शुक्रवारच्या आत.

चौकीतला कारकून म्हणजे केसाची सालं काढणारा. त्यानं अर्जावरचा फोटो पाहिला, हवालदाराच्या वहीतला फोटो पाहिला. चेहरा एक, नावं दोन. मग त्याला चेवच आला. मृत्यूच्या नोंदी मागवल्या आणि सगळी वही ताडून पाहिली. हवालदाराला बोलावून विचारलं, ही माणसं तुम्हांला भेटली का? भेटली. बोलली का? छान बोलली. मग कारकुनानं शांतपणे सांगितलं की यातले एक गृहस्थ तुमच्या जन्माआधी वारलेत. सगळी चौकी हसली. भाचीच्या अर्जावर मात्र शेरा पडला, पोलिसांना खोटं नाव सांगितलं. त्या शेऱ्यानिशी तिला कुठलीच सरकारी शाळा दारात उभं करणार नव्हती.

सोमवारी दुपारी तो वर आला. मी भांडायच्या तयारीत होते. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ना, तसं ठरवलंच होतं मनाशी. तो खुर्चीवर टेकला आणि एवढंच म्हणाला, "ताई, तुमचंही?"

मी हो म्हटलं. मशीनवरून मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग त्यानं सगळं सांगितलं. कारकुनानं त्याला सुटायची वाट दाखवली होती. पोरीनं फसवलं असं लिहून द्या, बाकीची नावं आपण झाकू, बढती वाचेल. यानं काय केलं, तर कागद मागून घेतला आणि लिहिलं, नावं पडताळणं माझं काम होतं, मी ते केलं नाही, चूक माझी, मुलीची नाही. हात दाखवून अवलक्षण. बढती तिथल्या तिथे गेली. वर साहेबाला संशय आला की हा गडी वस्तीत कधी आलाच नसेल, घरी बसून वही भरली असेल, फोटो खाली बसथांब्यावर काढले असतील. साहेब गुरुवारी स्वतः येणार होता. वस्तीतल्या कुणी खऱ्या नावानं पुढे येऊन सांगितलं की हा येत होता, आणि पोरीच्या बापानं स्वतःच्या नावानिशी सांगितलं की ही पोर माझी, तर दाखला मिळणार. नाहीतर अर्ज बाद आणि हवालदार घरी.

पोरीची आई सहा वर्षांपूर्वी गेली. म्हणजे सगळं दादावर आलं.

मी दादाला समजावलं, रागावले, शेवटी रडले. तो रंधा मारत राहिला. दुधानं तोंड पोळलेल्या माणसाला ताक पी म्हणायला मला तरी काय जातंय? पोरगी त्याला एका शब्दानं बोलली नाही, फक्त अर्ज त्याच्या बाकावर ठेवून गेली. हवालदाराला मी म्हटलं, तुम्ही बोलून बघा. तो म्हणाला, त्यांना काही सांगायला आम्हांला तोंड उरलेलं नाही, ताई. आणि उतरून गेला.

गुरुवारी सकाळी जीप आली. साहेब तरुण, घाईतला. मागे कारकून वही घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी आमचा हवालदार, एक घडी केलेला कागद मुठीत धरून. दारं अर्धी उघडी, माणसं अर्धी बाहेर. कुणी पळालं नाही, पण कुणी पुढेही आलं नाही. साहेबानं कारकुनाला सांगितलं, एकेक नाव वाच, जो तो पुढे येईल.

कारकुनानं वाचायला सुरुवात केली. पणजोबा, आज्या, काका, बुडालेले, आजारानं गेलेले, सगळे भर अंगणात ओळीनं. प्रत्येक नावानंतर थांबायचं आणि कुणी येतंय का बघायचं. आधी पोरांना हसू फुटलं. मग हळूहळू हसणं थांबलं. समोरची म्हातारी आपल्या नवऱ्याचं नाव ऐकून पदर तोंडाला लावून खालीच बसली. मग कारकुनानं माझ्या आईचं नाव वाचलं.

रंध्याचा आवाज थांबला. दादा बाहेर आला. दंडाला भुसा चिकटलेला, हातात पोरीचा अर्ज. साहेबासमोर जाऊन उभा राहिला आणि एकोणीस वर्षांनी पोलिसाशी बोलला.

"ती माझी आई. तिला हाका मारू नका. पोरगी माझी आहे, माझं नाव लिहा."

आणि त्यानं आपलं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, आजोबाचं सांगितलं, सावकाश, कारकुनाला लिहिता यावं म्हणून मध्ये थांबत. हवालदाराकडे न बघता म्हणाला, हा माणूस वर्षभर येतोय. मग मी गेले, माझं सांगितलं. मला माझाच आवाज परका वाटला. म्हातारी उठली. एकेक जण येत गेला आणि कारकुनाला पानं पुरेनात.

दाखला त्याच दिवशी मिळाला आणि शुक्रवारी दुपारी शाळेत पोचला. हवालदाराची नोकरी राहिली, बढती गेली ती गेलीच, पट्टी अजून माझ्या खणात आहे. पण ते नंतरचं. त्याआधी कारकुनानं अर्जाचा शेवटचा रकाना काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, वडिलांवर पूर्वी काही गुन्हा?

दादाची मान अशी खाली गेली की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"नाही," हवालदार मागून म्हणाला. मुठीतला कागद उघडत तो पुढे आला. "साहेब, हा रकाना मी अर्जात पाहिला होता, म्हणून काल जुन्या फायली काढल्या. वखारीतली चोरी तिथल्याच रखवालदारानं केली होती. त्यानं कबूल केलंय, त्याची सही आहे. हे निर्दोष आहेत."

दादानं विचारलं, कधी कबूल केलं. हवालदार म्हणाला, तुम्ही सुटायच्या आठ दिवस आधी. म्हणून तर सोडलं. पण वर येऊन सांगायचं काम कुणालाच दिलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नाही. आणि मग म्हणाला, "माफ करा, दादा. आम्ही सांगायला हवं होतं."

एकोणीस वर्षं खालच्या बाजारात दादा दुकानात शिरला की दुकानदार गल्ल्याशी येऊन उभे राहायचे. आणि निर्दोष असल्याचा कागद दोन मैलांवर कपाटात पडून होता. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि तो राग काढायला समोर कोण, तर हाच एकटा, ज्यानं तो कागद शोधला.

दादा म्हणाला, वाच.

हवालदारानं वाचला. दादा म्हणाला, पुन्हा वाच, मोठ्यानं, त्या कोपऱ्यापर्यंत जाऊ दे. दुसऱ्यांदा निर्दोष या शब्दाशी आल्यावर हवालदाराला आवाजच फुटेना. मग माझी भाची पुढे झाली, तिनं त्याच्या हातातून कागद घेतला, आणि तारीख, सही, शिक्क्यापर्यंत सगळा वाचून काढला.